शाळा किती पावलांवर?
(युद्धानंतरच्या समाजवादी शहरांची गोष्ट, हजीऱ्यातून पाहिलेली)



दिवाळीच्या सुट्टीआधी नववीच्या वर्गाला एक साधे काम दिले होते. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढायचा, पावले मोजायची आणि वाटेत मोठा रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो ते शेवटच्या रकान्यात लिहायचे. वह्या तपासताना एक गोष्ट लक्षात आली. कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या बहुतेकांनी त्या रकान्यात ‘एकदाही नाही’ असे लिहिले होते. मोरा, कवास, इच्छापोर या बाजूने येणाऱ्यांच्या नकाशात मात्र हजीऱ्याचा मोठा रस्ता होता आणि त्यावर ट्रेलर, टँकर रांगेने काढलेले होते. एका मुलीने रस्त्याच्या कडेला छोटीशी आकृती काढून खाली लिहिले होते, ‘इथे मी थांबते. कधी कधी दहा मिनिटे.’

एकाच वर्गातली, एकाच वयाची मुले. मग एकाची वाट अशी आणि दुसऱ्याची तशी का? वसाहतीतली वाट आपोआप तशी झालेली नाही. मुलाने मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचावे, हे कोणीतरी आधी कागदावर ठरवले होते. तो विचार आपल्यापर्यंत येताना बराच लांबचा प्रवास करून आला आहे. त्या प्रवासातले एक मोठे ठाणे म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची पूर्व युरोपातली शहरे. आजचा पाठ त्या शहरांचा.

ढिगाऱ्यातून उठलेले शहर

पोलंडची राजधानी वॉर्सा. युद्धापूर्वी तिथे सुमारे 13 लाख लोक राहत. 1 ऑगस्ट 1944 रोजी शहराने जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. 63 दिवसांनी तो मोडला गेला. त्यानंतर जर्मन सैन्याने उरलेल्या लोकांना शहराबाहेर काढले आणि इमारती एकेक करून जाळल्या, सुरुंग लावून पाडल्या. जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत आणि पोलिश सैन्य शहरात शिरले, तेव्हा व्हिस्टुला नदीच्या डाव्या तीरावरच्या बहुतेक इमारती उद्ध्वस्त झालेल्या होत्या. राजधानी दुसरीकडे हलवावी, असाही विचार त्या वेळी पुढे आला होता.

या युद्धाशी आपल्या दोन्ही राज्यांचे नाते आहे, हे इथे सांगायला हवे. सोव्हिएत छावण्यांतून सुटलेल्या पोलिश मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी 1942 मध्ये जामनगरजवळ बालाचडी येथे आसरा दिला. पुढे कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले. त्यांची तिथे शाळा होती, चर्च होते, दुकाने होती. आज वॉर्सामध्ये जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे आणि कोल्हापूरचे स्मारकही आहे. तेव्हा ही गोष्ट अगदीच परक्यांची नाही.

फेब्रुवारी 1945 मध्ये, युरोपात युद्ध चालू असतानाच, वॉर्सामध्ये राजधानीच्या पुनर्बांधणीसाठी वेगळे कार्यालय सुरू झाले. ऑक्टोबर 1945 मध्ये एक हुकूम निघाला आणि शहरातली सगळी जमीन नगरपालिकेच्या मालकीची झाली. हा हुकूम नीट समजून घ्या, कारण समाजवादी शहर म्हणजे काय हे त्यातून कळते. एरवी शहरात जमिनीचे हजारो मालक असतात. प्रत्येक जण आपल्या तुकड्यावर आपल्याला परवडेल आणि फायद्याचे वाटेल ते बांधतो. जमीन एकाच हातात आली की रस्ता कुठून न्यायचा, बाग कुठे सोडायची, शाळा कुठे बांधायची हे एकत्र ठरवता येते. म्हणून वॉर्साचे काम झपाट्याने झाले. पण ज्यांची जमीन गेली त्यांचे दावे मिटले नाहीत. ते वाद पुढे कित्येक दशके चालले.

जुन्या शहराचा भाग मात्र हुबेहूब पूर्वीसारखा उभारायचा असे ठरले. त्यासाठी युद्धापूर्वी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास म्हणून काढलेली जुन्या घरांची मोजमापे उपयोगी पडली. अठराव्या शतकात बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराने वॉर्साच्या रस्त्यांची बारकाईने चित्रे काढली होती, तीही समोर ठेवली गेली. 1953 मध्ये जुन्या बाजाराचा चौक लोकांसाठी खुला झाला. 1980 मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तो दिला पुन्हा उभारलेल्या शहराला, हे विशेष. तेव्हा मुलांनो, अभ्यासाच्या वहीतली मोजमापे कधी कोणाच्या कामी येतील सांगता येत नाही. ती नीट काढावीत.

वॉर्सात ज्यूंना ज्या वस्तीत कोंडून ठेवले होते, तिथे तर उचलून नेता येणार नाही इतका ढिगारा होता. मुरानोव नावाच्या या भागात वास्तुकार लाखेर्त यांनी तो ढिगाराच वापरायचे ठरवले. विटांचा चुरा करून त्यापासून ठोकळे पाडले गेले. काही घरे तर ढिगाऱ्याच्याच उंचवट्यावर उभी राहिली. आजही तिथे काही इमारतींच्या दारापर्यंत पायऱ्या चढून जावे लागते. त्या पायऱ्यांखाली एक अख्खी वस्ती आहे.

कारखान्यासाठी नवे शहर

जुने शहर दुरुस्त करणे एक आणि मोकळ्या शेतात नवे शहर वसवणे वेगळे. 1949 मध्ये क्राको या जुन्या विद्यापीठाच्या शहराजवळ पोलंड सरकारने मोठा पोलाद कारखाना आणि त्याच्याबरोबर एक लाख वस्तीचे शहर बांधायला घेतले. त्याचे नाव नोवा हुता, म्हणजे ‘नवा पोलाद कारखाना’. त्याच सुमारास पूर्व जर्मनीत ओडर नदीकाठी असेच एक शहर सुरू झाले. त्याचे नाव 1953 मध्ये स्टालिनश्टाट असे ठेवले गेले आणि 1961 मध्ये बदलून आयझेनहुटेनश्टाट झाले.

नोवा हुताचे मुख्य वास्तुकार तादेउश प्ताशित्स्की. त्यांच्या आराखड्यात मध्यवर्ती चौकातून पंख्याच्या काड्यांसारखे रुंद रस्ते निघतात. रस्त्यांच्या मधल्या भागात घरांचे चौक आहेत आणि प्रत्येक चौकाच्या आत झाडे आहेत. बालवाडी, शाळा, दुकाने, दवाखाना हे सगळे घराजवळ. खेड्यांतून तरुण मुले-मुली कामाला आली. कित्येकांनी नळाचे पाणी घरात पहिल्यांदा तिथेच पाहिले.

पण ही जमीन रिकामी नव्हती. मोगिवा आणि आजूबाजूच्या गावांची ती चांगली कसदार शेती होती. शेतकऱ्यांनी ती सुखासुखी दिली नाही. ज्या जमिनीवर गहू पिकत असे, तिथे कामगारांसाठी आदर्श शहर उभे राहिले आणि ज्याचे शेत गेले तो शेतकरी त्याच कारखान्यात मजूर म्हणून लागला.

पावलांचे माप

पहिली काही वर्षे ही शहरे भव्य बांधली जात. खांब, कमानी, नक्षी. स्टालिनच्या मृत्यूनंतर, डिसेंबर 1954 मध्ये, ख्रुश्चेव्ह यांनी बांधकाम क्षेत्रातल्या लोकांसमोर भाषण करून या खर्चिक सजावटीवर कडक टीका केली. लोक एका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत असताना मनोरे कशाला, असा त्यांचा रोख होता. मग काँक्रीटच्या भिंती कारखान्यात ओतून आणायच्या आणि जागेवर क्रेनने जोडायच्या, अशी पद्धत आली. इमारत बहुधा पाच मजल्यांची असे, कारण त्याहून उंच गेले तर लिफ्ट द्यावी लागली असती. स्वयंपाकघर जेमतेम 6 चौरस मीटरचे. घरे अगदी एकसारखी, दिसायला कंटाळवाणी. पण कोट्यवधी लोकांना पहिल्यांदाच स्वतःच्या कुटुंबापुरते दार मिळाले.

अशा इमारतींचा एक गट म्हणजे रशियन भाषेत ‘मिक्रोरायॉन’, आपण त्याला ‘लहान पेठ’ म्हणू. तिचा नियम सोपा होता. मोठा रस्ता पेठेच्या बाहेरून जाईल, आतून नाही. शाळा, बालवाडी आणि रोजची दुकाने चालत जाण्याइतक्या अंतरावर असतील. किती लोकवस्तीला किती शाळा, हे आकडे ठरलेले होते. म्हणजे पेठेचा आकार कशावरून ठरला? मुलाच्या पावलांवरून.

हा विचार एकट्या समाजवादी देशांचा नाही, हेही सांगितले पाहिजे. 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या आराखड्यासाठी क्लॅरेन्स पेरी यांनी शाळा मध्यभागी असलेल्या पेठेची कल्पना मांडली होती. आपल्या चंदीगडचे 800 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब सेक्टर त्याच जातीचे. फरक इतकाच की जमीन आणि पैसा दोन्ही सरकारच्या हातात असल्यामुळे समाजवादी देशांत ही कल्पना फार मोठ्या प्रमाणावर राबवली गेली.

भिलाई ते हजीरा

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. भिलाई त्या वेळी ज्या मध्य प्रदेशात होते, त्याची राजधानी नागपूर होती. तेव्हा हा कारखाना आला तो आपल्या नागपूरच्याच राज्यात. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याशेजारी सेक्टरांचे शहर वसले. सेक्टरात शाळा, बाजार, मैदान आणि सेक्टर 9 मध्ये मोठे रुग्णालय. विदर्भातली कित्येक मराठी कुटुंबे तिथे नोकरीला गेली आणि तिथलीच झाली.

पुढे सरकारी कारखाना म्हटला की त्याला लागून अशी वसाहत, हे आपल्याकडे ठरूनच गेले. पुण्याजवळ पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, तिच्याबरोबरही वसाहत आली.

आता आपल्या दाराशी येऊ. हजीरा म्हणजे तापीच्या मुखाचा प्रदेश. शेजारच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर सतराव्या शतकात इंग्रजांची जहाजे नांगर टाकत. वसईसमोरच्या समुद्रात सापडलेला वायू नळाने हजीऱ्याला आणायचे ठरले आणि या भागाचे रूप पालटले. तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा वायू शुद्ध करणारा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. कृभको या सहकारी संस्थेच्या खत कारखान्याची पायाभरणी 1982 मध्ये झाली आणि 1986 मध्ये उत्पादन सुरू झाले. इथूनच उत्तरेकडे हजीरा–विजापूर–जगदीशपूर ही वायुवाहिनी निघाली. (यातले विजापूर कर्नाटकातले नव्हे, मध्य प्रदेशातले!) मागोमाग खाजगी कारखाने आले, पोलादाचा मोठा कारखानाही आला.

हजीरा हे काही समाजवादी शहर नाही. पण वसाहतीच्या नकाशात ती जुनी ओळ अजून दिसते. फाटकाच्या आत वळणावळणाचे रस्ते, मध्ये शाळा, जवळ दवाखाना, दुकानांची एक रांग, क्लब, मैदान. मोठा रस्ता बाहेर. खानदेशातून, कोकणातून, सांगली-साताऱ्याकडून आलेल्या आपल्या आईवडिलांना आणि आजी-आजोबांना इथे तयार घर मिळाले, तेव्हा त्यांनी ही गोष्ट मनोमन नोंदवली होती. मुलांना एकटे शाळेत पाठवता येते! उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत राहिलेल्या आयांना त्याचे मोल जास्त कळले असेल.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. नोवा हुतात इंजिनिअर आणि भट्टीवरचा कामगार एकाच जिन्यावर राहावेत, असा निदान कागदावरचा हेतू होता. आपल्याकडे हुद्द्याप्रमाणे क्वार्टरचा ‘टाइप’ ठरला. त्यामुळे पत्ता सांगितला की वडिलांचा पगार कळतो.

आराखड्यात नसलेल्या गोष्टी

नोवा हुताच्या आराखड्यात नाट्यगृह होते, चित्रपटगृहे होती, पण चर्च नव्हते. समाजवादी शहराला देवळाची गरज नाही, असे ठरवणाऱ्यांना वाटले. लोकांना तसे वाटत नव्हते. त्यांनी चर्चसाठी मिळालेल्या जागेवर एक लाकडी क्रूस उभा केला. एप्रिल 1960 मध्ये सरकार तिथे शाळा बांधण्यासाठी क्रूस काढायला गेले, तेव्हा रस्त्यात दंगल झाली. म्हणजे ज्या शाळेचे आपण इतके गुण गायले, तीच शाळा लोकांना न विचारता पुढे केली, तर लोक तिच्याही आड उभे राहतात. पुढे लोकांनी स्वतः वर्गणी आणि श्रम देऊन चर्च बांधले. ते 1977 मध्ये पूर्ण झाले. आणि ज्या कामगारांसाठी हे आदर्श शहर बांधले, तेच 1980 नंतर सरकारविरुद्धच्या संपात पुढे होते. 1973 मध्ये तिथे उभारलेला लेनिनचा भव्य पुतळा 1989 मध्ये काढावा लागला.

भिलाईच्या आराखड्यात आणखी एक गोष्ट राहिली. कायम नोकरीतल्या माणसांसाठी सेक्टर होते. पण बांधकामाचे मजूर, भाजीवाले, रिक्षावाले, धुणेभांडी करणाऱ्या बायका राहणार कुठे? ती वस्ती सेक्टरांच्या बाहेर आपापली वाढत गेली.

हजीऱ्यातही कारखान्याचे काम फक्त वसाहतीतली माणसे करत नाहीत. ठेकेदारांकडची माणसे, ड्रायव्हर, कँटीनची पोरे फाटकाबाहेर गावांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. आणि ज्यांच्या शेतावर आणि गोचरावर हे सगळे उभे आहे, त्या गावांचे लोकही बाहेरच आहेत. ज्या मुलीने ‘इथे मी थांबते’ असे लिहिले, तिला आराखड्याने वाईट वाट दिली असे नव्हे. तिच्या वाटेचा आराखडा कोणी काढलाच नाही.

आणखी एक आठवण करून देतो. वसाहतीतला आपला गणेशोत्सव, कोजागरी, शनिवारचे मराठी वाचनालय यांपैकी काहीही मूळ नकाशात नव्हते. तो हॉल लग्नासाठी आणि सभेसाठी बांधला होता. त्यात मखर उभे केले ते आपल्या मंडळींनी.

कारखाना थांबला तर?

या गोष्टीला एक योगायोग जोडलेला आहे. नोवा हुताचा कारखाना सरकारी राहिला नाही. पोलंडमधली समाजवादी राजवट गेल्यावर तो विकला गेला आणि शेवटी आर्सेलरमित्तल कंपनीकडे आला. आयझेनहुटेनश्टाटचा कारखानाही त्याच कंपनीकडे आला. डिसेंबर 2019 मध्ये हजीऱ्याचा पोलाद कारखाना आर्सेलरमित्तल आणि निप्पॉन स्टील यांनी मिळून घेतला. म्हणजे जगाच्या तीन टोकांच्या तीन पोलादनगरी एकाच मालकाच्या वहीत आल्या.

2020 मध्ये क्राकोची झोतभट्टी कायमची बंद झाली. आयझेनहुटेनश्टाटमध्ये एके काळी 50 हजारांहून अधिक लोक होते. जर्मनी एक झाल्यावर कामे गेली, तरुण बाहेर पडले आणि लोकसंख्या निम्म्यावर आली. रिकाम्या इमारती पाडाव्या लागल्या. एका कारखान्यावर उभ्या असलेल्या शहराचा हा धोका कायमचाच.

पण नोवा हुता मेले नाही. कारखान्यातली नोकरी गेली तरी घर गेले नाही, म्हणून लोक राहिले. 1950 च्या दशकात लावलेली झाडे आता चार मजल्यांपर्यंत गेली आहेत. शाळा अजून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एके काळी क्राकोची माणसे या भागाला नाक मुरडत. आता त्याच मोकळ्या चौकांचे, सावलीचे कौतुक होते.

आपल्या वसाहतीचे तसे नाही, हे घरोघरी माहीत आहे. क्वार्टर नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते. निवृत्तीच्या दिवशी हार आणि घड्याळ मिळते आणि ठरल्या मुदतीत किल्ली परत द्यावी लागते. मग कोणी अडाजण-पालकडे फ्लॅट घेतो, कोणी जळगावला किंवा मिरजेला परततो. तीस वर्षे ज्या कडुलिंबाखाली गाडी लावली, तो दुसऱ्याचा होतो. चांगला आराखडा राहायला सुख देतो, पण मुळे धरायला जागा देतोच असे नाही.

आराखडा कसा वाचावा?

मुलांनो, समाजवादी शहरे चांगली की वाईट, असा प्रश्न परीक्षेत आला तर एका शब्दात उत्तर देऊ नका. कोणताही नगररचनेचा आराखडा समोर आला की तीन प्रश्न विचारा. पहिला, लहान मूल शाळेत कसे पोचेल? दुसरा, ही जमीन आधी कोणाची होती आणि त्याचे पुढे काय झाले? तिसरा, इथे काम करणारे पण इथे न राहणारे लोक कुठे राहतील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या शहरांनी फार चांगले दिले. आजही नव्या टोलेजंग सोसायट्या बांधणाऱ्यांनी ते शिकावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला मात्र त्यांनी बगल दिली आणि ते प्रश्न दंगलीच्या, संपाच्या, झोपडीच्या रूपाने परत आले. फाटकाच्या आत मिळालेली सुरक्षित वाट ही आपली हुशारी नव्हे, ती आपल्याला मिळालेली सोय आहे. ती फाटकाबाहेरच्या मुलीलाही मिळाली पाहिजे, असे ज्याला मोठेपणी वाटेल आणि जो त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसेल, त्याला हा पाठ समजला असे मी मानीन.

स्वाध्याय

1. ऑक्टोबर 1945 च्या हुकुमाने वॉर्सामध्ये काय बदलले? त्याचा एक फायदा आणि एक तोटा लिहा.

2. सोव्हिएत काळातल्या बऱ्याच इमारती पाचच मजल्यांच्या का असत?

3. नोवा हुता आणि हजीरा यांच्यातली दोन साम्ये आणि दोन फरक सांगा.

4. (घरी विचारून लिहा) तुमचे कुटुंब हजीऱ्यात किंवा सुरतेत केव्हा आणि कुठून आले? पहिले घर कुठे होते? तिथून शाळा किती लांब होती?

5. (गटकार्य) वसाहतीतला एक आणि गावातला एक अशा जोड्या करा. दोघांनी एकमेकांच्या वाटेने एकदा शाळेत यावे. सोबत मोठे माणूस असावे. मग दोघांनी मिळून गावाकडून शाळेकडे येणाऱ्या सुरक्षित वाटेचा नकाशा काढावा. रस्ता कुठे ओलांडावा, गतिरोधक कुठे हवा, सावली कुठे हवी हे दाखवावे. चांगले नकाशे पुढच्या अंकात छापू आणि ग्रामपंचायतीकडे पाठवू.